‘प्लेटलेट वाढल्या, पण आप्पा आमचे राहिले नाहीत’

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली की पारोळा-अमळनेरकडची घरं माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. डेंग्यूचा ताप उतरला, प्लेटलेट वाढल्या, पण दवाखान्यात माणूस भलतंसलतं बोलायला लागला. डोक्यावर परिणाम झाला का? कुणी आवाज खाली करून ‘बाहेरचं’ तर नाही ना, असंही विचारतं.

बहुतेक वेळा हे वेड नसतं. आजारी शरीरामुळे मेंदूचा काही काळ उडालेला गोंधळ असतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची आणि ताप गेला की विसरून जायची. आपण विसरत नाही, पंचाईत तिथेच होते.

आप्पा बासष्ट वर्षांचे, कोरडवाहू कापूसवाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तापाच्या पाचव्या रात्री त्यांनी सलाईनची नळी ओढली आणि सुनेवर ओरडले, ‘यात विष कालवलंस!’ सकाळी शांत. दुपारी नातवाची चौकशी. रात्री पुन्हा तेच. घरच्यांनी निष्कर्ष काढला की नाटक करतात. वास्तविक हा चढउतारच या गोंधळाची खूण आहे: तासातासाला बदलतो, रात्री वाढतो. घरी आल्यावर तीन आठवडे आप्पा शेतात गेले नाहीत की कुणाशी धड बोलले नाहीत.

पहिल्या भेटीत ते गप्पच होते. सूनबाई दाराशी बसली, त्यांच्या शेजारी नाही. दुसऱ्या भेटीत जमिनीकडे बघत म्हणाले, ‘‘ताई, मी येडा व्हयी गऊ का? सुनले काय काय बोलनू मी. सम्दं याद शे माले.’’

‘‘आणखी काय आठवतं?’’

चादरीवर बोंडअळ्या चालत होत्या, हेही त्यांना स्पष्ट आठवत होतं. झटकून झटकून हात दुखले होते.

‘‘आप्पा, त्या अळ्या खऱ्या होत्या?’’

‘‘नही.’’

‘‘मग त्याच रात्री, त्याच डोक्यातून निघालेले शब्द तेवढे खरे कसे?’’

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आपल्याकडे पक्की समजूत आहे की दारूत आणि वातात माणूस मनातलं खरं बोलतो. आप्पांना अळ्यांनी खचवलं नव्हतं. ‘माझ्या मनात सुनेबद्दल विष आहे’ या अर्थाने खचवलं होतं. औषधाने झोप आली असती, हा अर्थ हलला नसता. तो हलवायला एक साधा प्रश्न पुरला. मात्र तो विचारण्याआधी एक अख्खी भेट गप्प बसावं लागलं.

मग डिस्चार्ज कार्ड उघडलं. पाचव्या दिवशीचं सोडियम, म्हणजे रक्तातला एक क्षार, १२१. नेहमी ते १३५ ते १४५ असतं. डेंग्यूत ते उतरू शकतं आणि इतकं खाली गेलं की मेंदू गोंधळतो. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसलं होतं, या ओळीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

म्हणून वॉर्डात बसणाऱ्यांसाठी. पेशंट अचानक सुस्त किंवा अस्वस्थ झाला तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, लगेच सांगा. डेंग्यूत हे धोक्याचं लक्षण आहे, आणि ते बऱ्याचदा ताप उतरतानाच दिसतं. शंका असेल तर वार उलटे म्हणायला लावा: रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी सहज म्हणणारा मध्येच हरवला तर लक्ष टिकत नाहीये. गप्प पडून राहणाऱ्याकडे जास्त बघा, ओरडणाऱ्याकडे सगळे बघतातच. लघवी किती तास झाली नाही, पोट साफ आहे का, हेही सांगा. दारूचा शेवटचा घोट कधी घेतला हे लाजून लपवू नका; अचानक बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी हाच गोंधळ उठतो आणि तो जिवावर बेततो. सोडियम कमी म्हणून मीठपाणी पाजू नका. ते हळूच वाढवावं लागतं, घाई झाली तर मेंदूलाच इजा होते. झोपेची गोळी खिशातून काढून देऊ नका, गोंधळ वाढतो.

चष्मा, कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर आजच मागवा. दिवसा उजेड, रात्री अंधार. ओळखीचं एकच माणूस जवळ. दहा जणांचा घोळका नको. दर दोन-तीन तासांनी समोर येऊन सांगायचं: मी अमुक, हा दवाखाना, आज मंगळवार. अळ्या दिसतात म्हणाले तर ‘कुठंय काय!’ म्हणून वाद नको आणि ‘हो हो, मारल्या’ अशी हो ला होही नको. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय, मी इथंच आहे’, एवढं पुरे.

घरी आल्यावर काही आठवडे थकवा, उदासी, कच्ची झोप चालते. गोंधळ परत आला तर त्याच दिवशी दवाखाना. उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवसभर राहिली किंवा जगणं नको वाटू लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ; मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट, रात्रीही.

तिसऱ्या भेटीत सूनबाई पहिल्यांदा बोलली. ‘‘मला माफी नको. पण भाऊबंदकीत लोक म्हणताहेत, काहीतरी असल्याशिवाय म्हातारा बोलेल का?’’

याचा विचार मीही केला नव्हता. तिघांनी मिळून ठरवलं. भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा आप्पांनी नातवाला ओट्यावर उभं करून कार्ड मोठ्याने वाचायला लावलं. सोडियमची ओळ दोनदा.