खिडक्यांच्या रंगासाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण लिहिता की दादरमधील आपले घर 1962 सालच्या इमारतीत आहे, खिडक्यांच्या लाकडी झडपांवरील जुन्या ऑइल पेंटचे पोपडे निघत आहेत, प्रयोगशाळेने त्यांत शिसे असल्याचे कळवले आहे आणि घरात दीड वर्षाची मुलगी आहे. सगळा रंग खरवडून घर नव्याने रंगवण्याचे कंत्राटदाराने 4,20,000 रुपये सांगितले असून, त्यासाठी 6 लाखांची मुदत ठेव मोडावी का, हा आपला प्रश्न आहे.

ठेव मोडू नये आणि सगळा रंग खरवडूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे, तेव्हा भिंतींवर घातलेला पैसा काही वर्षांत इमारतीबरोबरच जाईल. शिवाय भिंतीवर घट्ट बसलेल्या, न सुटलेल्या रंगाचा त्रास सहसा होत नाही. खरा धोका धुळीचा असतो. झडप उघडता-मिटता चौकटीला घासते, तिची बारीक पूड खिडकीच्या कट्ट्यावर साचते, आणि मूल त्याच कट्ट्याला धरून उभे राहते व तोच हात तोंडात घालते. पॉलिश पेपरने कोरडे घासल्यास ही पूड घरभर पसरते.

मात्र पुनर्विकास होईपर्यंत थांबावे, हे मला अजिबात मान्य नाही. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाऊ शकते आणि मेंदूची झालेली हानी पुढे भरून निघत नाही. त्यामुळे आधी मुलीच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी; प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक आल्यास बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

झडपा व चौकटी बदलण्याचे वेगळे दरपत्रक 90,000 रुपयांचे आहे, तेवढेच काम करावे. ठेवीवर आपली बँक ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, 8 टक्क्यांनी देते; दरमहा 7,500 रुपये फेडल्यास वर्षभराचे व्याज चार हजारांच्या आसपास राहील आणि अडीअडचणीची ठेव शाबूत राहील.

नवा रंग घेताना डब्यावरील शिशाचे प्रमाण पाहावे. 1 नोव्हेंबर 2017 पासून दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असलेल्या घरगुती रंगाच्या उत्पादनास व व्यापारास मनाई आहे. काम चालू असताना मुलीला आजोळी ठेवावे, आणि फरशी व कट्टे ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाल्यावरच कंत्राटदाराला शेवटचा हप्ता द्यावा, ही अट आधीच लिहून घ्यावी.