सप्तपर्णीला शिव्या, गवताला माफी : परागांच्या अ‍ॅलर्जीबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की आमच्या ओपीडीत रुमाल घेऊन बसलेली रांग वाढते आणि टपालपेटीतली पत्रंही. यंदाच्या पत्रांत बहुतेकांचा सूर एकच आहे : ‘सगळं करून झालं, काहीच लागू पडत नाही.’ माझा अनुभव असा की औषध बरोबर असतं, पण ते चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने घेतलेलं असतं. नाहीतर मुळात आरोपीच चुकीचा धरलेला असतो.

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीसमोरची सप्तपर्णीची रांग फुलते आणि माझ्या शिंका सुरू होतात. झाडं काढून टाकावीत म्हणून सह्यांचा अर्ज फिरतोय. सही करू का? (कोथरूड, पुणे)

एवढ्यात नको. सप्तपर्णीचा वास उग्र आहे, संध्याकाळनंतर तर डोकं उठवतो, हे मान्य. पण ज्या फुलाला असा वास असतो, ते कीटकांना बोलावत असतं. त्याचे परागकण चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. आपल्याला छळतात ते मुख्यतः वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडाझुडपांचे पराग. ही फुलं ना दिसायला देखणी, ना वासाची. गवताच्या तुऱ्याकडे कोण बघतं? पण सप्तपर्णी फुलते त्याच आठवड्यांत टेकडीच्या उतारावरचं आणि रिकाम्या प्लॉटमधलं गवत तुऱ्यावर आलेलं असतं. जोडीला माठ-राजगिऱ्याच्या जातीचं तण आणि उकिरड्याकडेचे एरंड. नाव मात्र सप्तपर्णीचं खराब होतं, कारण ती नाकाला कळते.

मग तुमच्या बाबतीत आरोपी कोण? दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे खाज. डोळे चोळावेसे वाटतात का, टाळू जिभेने खाजवत बसता का? तसं असेल तर ती बहुधा खरी अ‍ॅलर्जी आहे. नुसतं डोकं जड होत असेल, नाक चुरचुरत असेल आणि अगरबत्ती, सेंट, मिरचीची फोडणी यांनीही तसंच होत असेल, तर नाक वासाला चिडतंय. त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट वेळ. सप्तपर्णीचा घमघमाट रात्री असतो, गवताचे पराग बहुतेक सकाळी सुटतात. शिंकांचा झटका सकाळी खिडकी उघडल्यावर किंवा टेकडीवर फिरताना येत असेल, तर झाड तोडून हाती काही लागणार नाही. कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत नुसती फुली मारत जा, सकाळ की रात्र एवढंच. फेब्रुवारीतही फुल्या दिसू लागल्या तर वावळ आठवा. पानं झडलेल्या वावळाची बारकी हिरवट फुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण अ‍ॅलर्जीच्या यादीत हे झाड बरंच वर आहे.

जाता जाता : अशा शिंका परागांमुळे येतात हे कोडं ज्याने सोडवलं तो मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतःच शिंकांनी बेजार होता. त्याने चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या आणि बऱ्याच उंचीवरही पराग सापडतात हे दाखवलं. १८७३ साली त्याने हे सगळं छापलं. तेव्हा खिडकीसमोरचं झाड तोडून हवा स्वच्छ होते, या समजुतीला दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दर पावसाळ्यानंतर त्याला मोंटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची एकत्र गोळी चालू होते आणि महिनोन्‌महिने चालते. हल्ली तो चिडचिड करतो, रात्री दचकून उठतो. नाकातला स्प्रे सुचवला होता, पण स्टेरॉइड म्हणून मी घेतला नाही. (नाशिक)

तुमची भीती मी समजू शकतो, पण ती चुकीच्या डबीला चिकटली आहे.

ही जोडगोळी आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्दीची गोळी म्हणून सहज मिळते. त्यातल्या मोंटेलुकास्टमुळे काही जणांना, विशेषतः मुलांना, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, वागण्यात बदल असे त्रास होऊ शकतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी, दुसरी औषधं चालत असतील तर, हे वापरू नका असं सांगितलं. तुम्ही लिहिता ती लक्षणं या गोळीचीच आहेत असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि ‘दचकून उठतो’ हे त्यांना स्पष्ट सांगा. मुलाला दमा असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी पर्याय ठरू द्या.

आता स्प्रे. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात जातं. नाक चोंदणं, गळणं, शिंका या तिन्हींवर एकट्या गोळीपेक्षा तो जास्त चांगला चालतो. यातले काही स्प्रे दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना चालतात. दीर्घकाळ वापरायचा तर मुलाची उंची अधूनमधून मोजत राहायची, एवढी काळजी डॉक्टर घेतात.

बहुतेकांचं बिनसतं ते स्प्रे मारताना. मान मागे टाकून, नळी सरळ वर धरून, जोरात हुंगत औषध मारतात. ते घशात उतरतं, कडू लागतं आणि मग ‘स्प्रे काही कामाचा नाही’. आधी नाक शिंकरून मोकळं करा. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत मारताना बाटली डाव्या हातात धरा, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात. मग नळीचं तोंड आपोआप त्याच बाजूच्या डोळ्या-कानाकडे वळतं, मधल्या पडद्यावर फवारा बसत नाही आणि घोळणा फुटायची शक्यता कमी होते. श्वास हळूच घ्यायचा, फुलाचा वास घेतो इतकाच. औषध रोज घ्यायचं, शिंका आल्या तरच असं नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून मुलाचा त्रासाचा महिना ठाऊक असेल तर त्याआधी दोन आठवडे सुरू करायचा. तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात टाकणारे पालक मला दर मोसमात भेटतात.

गावरान मध, वाफ, जलनेती यांतलं नेमकं काय उपयोगी? (ठाणे)

जलनेती. बिनदिक्कत करा, फक्त पाण्याशी खेळ करू नका. नळाचं पाणी थेट नाकात नको, फिल्टरचंही नको. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं अवघड. पाणी खळखळ उकळू द्या, मग कोमट करा. पाव लिटरला अर्धा चमचा मीठ, शक्यतो बिनआयोडिनचं. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, तेव्हा अंदाजपंचे नको. मेडिकलमध्ये मिळणारी मापाची पुडी सोपी पडते. बाहेरून आल्यावर नाक असं धुतलं की पराग वाहून जातात. स्प्रे मारायचा असेल तर आधी नेती आणि मग स्प्रे, नाहीतर औषधही वाहून जाईल.

वाफेने घटकाभर बरं वाटतं, अ‍ॅलर्जी हलत नाही. आणि पातेल्यावर टॉवेल घेऊन बसलेलं पोर भाजलेलं मी पाहिलेलं आहे, तेव्हा मुलांना पातेल्याची वाफ नकोच. मधाबद्दल म्हणाल तर मधमाशी ज्या फुलांवर जाते त्यांचे पराग मधात येतात आणि आपल्याला शिंका आणतात ते वाऱ्यावरचे. हिशोबच जुळत नाही. आवडतो म्हणून खा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र चाटवू नका. नाकपुडीच्या कडेला बोटाने तूप किंवा व्हॅसलीन लावल्याने काहींना फरक पडतो. त्यात काही तोटा नाही, लावा.

दही, केळी, पेरू बंद करायचे का?

नाही. एखादं फळ खाल्ल्यावर लगेच ओठ-घसा खाजत असेल तर फक्त ते फळ सोडा.

मी रात्रीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. नाकाचे ड्रॉप्स खिशात नसले तर श्वास घेता येत नाही. दोन वर्षं झाली. (नागपूर)

बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असणार. हे थेंब तीन, फार तर पाच दिवसांसाठी असतात. त्यांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मिनिटांत नाक उघडतं. असर उतरला की त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब. आता तुमचं नाक अ‍ॅलर्जीने कमी आणि थेंबांनी जास्त चोंदतंय. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्टेरॉइड स्प्रे सुरू करून घ्या आणि तो चालू असताना थेंब सोडा. काही जण आधी एका नाकपुडीचे सोडतात, ती उघडली की दुसरीचे. पहिला आठवडा वाईट जाईल, तो शक्यतो सुट्टीत काढा.

आणि गाडी चालवता म्हणून : क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन या जुन्या गोळ्या घेऊन स्टिअरिंगवर बसू नका. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते. फेक्सोफेनाडिन त्यातल्या त्यात बरी, पण ती पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती पोटातून नीट शोषली जात नाही. नागपूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण रस दोन-चार तासांनी प्या.

गाजर गवत उपटलं की हात-मान-पापण्या खाजून लाल होतात. ज्वारीच्या मळणीला शिंका आणि खोकला. गावातले डॉक्टर एक इंजेक्शन देतात, त्यावर दोन महिने बरे जातात. (बार्शी तालुका)

तुमचे हे दोन वेगळे आजार आहेत. गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. काँग्रेस गवत म्हणतात तेही हेच. त्याच्या पानाखोडातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला अ‍ॅलर्जी होते. वाळलेल्या गवताचा भुगा उडाला तरी पापण्या, मानेच्या आणि कोपराच्या वळ्या धरतात. म्हणजे शिवलंच पाहिजे असं नाही. तुम्ही आता ते उपटू नका, दुसऱ्या कुणाला सांगा. त्यानेही हातमोजे, लांब बाह्या घालून, जमीन ओली असताना आणि फुलं येण्याआधी उपटावं. जाळू नका. कपडे वेगळे धुवा. पुरळावर काय लावायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

मळणीच्या वेळी गवताच्या परागांचा हंगाम सरलेला असतो. तेव्हा उडतो तो भुसा, कुसळं आणि कणसावरच्या बुरशीची पूड. उपरणं तोंडाला बांधून बारीक पूड अडत नाही, एन-९५ मास्क घ्या. यंत्राच्या अशा बाजूला उभे राहा की वारा तुमच्या पाठीवर येईल. मळणीनंतर संध्याकाळी ताप, अंगदुखी आणि धाप असं होत असेल, किंवा रात्री छाती वाजत असेल, तर बार्शीत छातीच्या डॉक्टरांकडे जा. हे नाकापुरतं राहिलेलं नाही.

आणि ते इंजेक्शन. दोन महिने पुरतं म्हणजे बहुधा साठवणीचं, म्हणजे अंगात हळूहळू उतरणारं स्टेरॉइड आहे. दर हंगामात ते घेत राहिलात तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी ते घेऊ नये, असंच मी सांगेन. स्प्रेला भिणारे लोक हे इंजेक्शन मात्र हसत घेतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

रक्ताच्या तपासणीत पन्नासेक गोष्टींची अ‍ॅलर्जी निघाली. लस घेऊन कायमचं बरं होता येतं का? (कोल्हापूर)

आधी तो कागद बाजूला ठेवा. चाचणीत आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित रक्तातलं प्रतिपिंड) सापडलं म्हणजे शरीराने ती वस्तू ओळखली, एवढाच अर्थ. त्रास त्याच वस्तूने होतो का, हे तुमच्या तक्रारींशी ताडून ठरतं. आणि त्या यादीवर आयजीजी (वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड) लिहिलं असेल तर खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी तिचा उपयोग शून्य. त्वचेवरची टोचून केलेली चाचणी जास्त बोलकी असते. थेंब ठेवून बारीक टोचायचं, पंधरा-वीस मिनिटांत गांधी तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी उठते का ते बघायचं. त्याआधी पाच-सात दिवस सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिन गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही.

लशीची, म्हणजे आरोपी वस्तूच थोडी थोडी टोचून शरीराला सवय लावण्याची, कल्पना लंडनच्या लेनर्ड नूनने १९११ मध्ये गवताच्या परागांवर प्रथम मांडली आणि ती आजही टिकून आहे. पण तिला किमान तीन वर्षं लागतात आणि आरोपी एक-दोनच असतील तर ती चांगली लागू पडते. पन्नास गोष्टींची एकच बाटली भरून देणारा भेटला तर सरळ उठून या. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात का, हेही विचारा. तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर ती बहुधा त्या अर्ध्या तासातच येते. दमा आटोक्यात नसेल तर आधी तो आणावा, मग लस.

आम्ही अटलांटाला आलो तेव्हा काही नव्हतं. आता चौथ्या वसंतात डोळे सुजताहेत. गाड्यांवर पिवळा थर बसतो तो पाइनचाच ना? भारतात मला कधी अ‍ॅलर्जी नव्हती. (अटलांटा)

थर पाइनचा आहे, पण आरोपी बहुधा तो नाही. तुमची ती सप्तपर्णीच समजा. पाइनचे पराग मोठे, डोळ्यांना दिसणारे, आणि अ‍ॅलर्जी क्वचितच देणारे. त्याच आठवड्यांत ओक आणि बर्च यांचे न दिसणारे पराग हवेत असतात. नव्या देशात पहिली काही वर्षं सुखाची जातात, कारण तिथल्या परागांची शरीराला अजून ओळख पटलेली नसते. ती पटायला दोन-चार मोसम लागतात. तुमच्यासारखी पत्रं मला तिकडून दरवर्षी येतात.

फ्लुटिकासोन स्प्रे तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो. फेब्रुवारीच्या शेवटीच सुरू करा. कपडे बाहेर वाळत घालू नका, गाडीतली हवा आतल्या आत फिरती ठेवा, रात्री केस धुऊन झोपा, नाहीतर दिवसभराचे पराग उशीवर येतात. ऑगस्टच्या मध्यानंतर पुन्हा सुरू झालं तर ते रॅगवीड नावाचं तण, आणि पहिलं दव गोठेपर्यंत ते पिच्छा सोडत नाही. हे आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं आहे, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. आई-वडील तिकडे येणार असतील आणि त्यांना इथे गाजर गवताचा त्रास असेल, तर तिकीट सप्टेंबरचं काढू नका.