अतींद्रिय शक्ती जन्मसिद्ध असतात का?

प्रश्न : मी काही महिन्यांपासून एका ध्यानवर्गाला जाते. टेलिपथी, पुढचे आधी कळणे, फार काय जादूसुद्धा, या शक्ती प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो; घर आणि शाळा त्या दडपून टाकतात आणि साधनेने त्या पुन्हा जाग्या होतात, असे तिथले मार्गदर्शक सांगतात. फोन वाजण्याआधीच तो कोणाचा असणार हे मला पुष्कळदा कळते आणि खोलीत पाऊल टाकताच तिथे नुकतेच भांडण झाले असावे असेही जाणवते, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला पटू लागले आहे. पुढच्या टप्प्याचे शुल्क मात्र भारी आहे. यात तथ्य किती?

उत्तर : आपण सांगितलेले दोन अनुभव वरवर सारखे दिसले तरी त्यांची जात वेगळी आहे, म्हणून ते निरनिराळे तपासू.

खोलीतले भांडण जाणवते, हे मी शंभर टक्के मान्य करतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याची बारकाईने तपासणी करून 1907 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोडा हमखास चुकत असे. उत्तर ठाऊक असणारा माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुके आणि योग्य आकडा येताच नकळत डोके जरासे वर उचले. घोडा तेवढ्यावरून थांबत असे. पुढे फुंग्स्ट यांनी घोड्याची जागा स्वतः घेतली आणि समोरच्याने मनात धरलेला आकडा त्याच्या हालचालीवरून ओळखून दाखवला. ज्याच्या मनातले ओळखले गेले, त्याला आपण काही सुचवल्याचा पत्ताही नव्हता. आवळलेले ओठ, तुटक आवाज, एकमेकांकडे न पाहणारे डोळे यांवरून घडून गेलेल्या भांडणाची चाहूल लागणे ही याच जातीची क्षमता आहे. कारणे सांगता येत नाहीत आणि निष्कर्ष तेवढा मनात उमटतो, म्हणून ती गूढ वाटते.

जन्मसिद्ध क्षमतेच्या खुणा काय असतात, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती कमीअधिक प्रमाणात बहुतेकांत आढळते, सरावाने वाढते आणि तटस्थ माणसाने तपासली तरी टिकून राहते. भाषा शिकण्याची क्षमता अशी आहे. याहून बोलके उदाहरण अंध व्यक्तींचे आहे. काही अंध व्यक्तींना समोरची भिंत तिला न शिवता कळते आणि ती चेहऱ्याच्या त्वचेला जाणवते, असे त्यांचे सांगणे असे. हे सहावे इंद्रिय म्हणावे असेच होते. कॉर्नेल विद्यापीठात डॅलनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. ते संशोधन 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. चेहरा जाड कापडाने झाकला तरी ही माणसे भिंतीपूर्वी थांबत, परंतु कान बंद करताच ती भिंतीवर आदळू लागली. पावलांचा आवाज भिंतीवरून परतत होता आणि तो त्यांना ऐकू येत होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या डोळस व्यक्तींनाही सरावाने हे साधले. ही क्षमता खरोखरच माणसाची उपजत क्षमता ठरली, आणि तपासणी कडक झाल्यावर ती नाहीशी होण्याऐवजी अधिक स्पष्ट झाली.

टेलिपथीच्या बाबतीत नेमके उलटे घडत आले आहे. ड्यूक विद्यापीठातील जे. बी. ऱ्हाइन यांनी 1930 च्या दशकात पाच चिन्हांच्या 25 पत्त्यांवरील चिन्ह न पाहता ओळखण्याचे प्रयोग केले. निव्वळ अंदाजाने त्यात सरासरी पाच पत्ते बरोबर येतात. ऱ्हाइन यांच्याकडे काहींचे गुण याहून बरेच अधिक आले; तथापि सुरुवातीच्या प्रयोगांत पत्ते किंवा पत्ते पाहणारा माणूस पुरेसा आडोशाला नव्हता, आणि इतरत्र अधिक काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत तसे गुण मिळेनात. शिवाय शंभर जणांनी नुसते अंदाज केले, तरी त्यांपैकी साधारण पाच जणांचे नऊ किंवा त्याहून अधिक पत्ते बरोबर येणारच. त्या पाच जणांना बाजूला काढून सिद्ध पुरुष ठरवणे फार सोपे असते. अलीकडे, 2011 मध्ये, डॅरिल बेम यांनी भविष्याची जाणीव होत असल्याचे नऊ प्रयोग प्रसिद्ध केले, पण पुढच्याच वर्षी इतरांनी त्यांतले काही करून पाहिले तेव्हा परिणाम आढळला नाही. काही संशोधक आजही अल्पशा यशाचे दावे करतात आणि वाद चालू आहे. ते दावे घटकाभर खरे मानले, तरी असंख्य प्रयत्नांची बेरीज केल्यावर जेमतेम दिसणाऱ्या फरकाला प्रत्येकाची उपजत शक्ती म्हणणे मला ओढूनताणून केल्यासारखे वाटते.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनीही पतंजलींची योगसूत्रे नीट वाचावीत. चौथ्या पादाच्या, म्हणजे अध्यायाच्या, पहिल्याच सूत्रात सिद्धींची पाच उगमस्थाने सांगितली आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. जन्म हा त्यांतला केवळ एक मार्ग आहे. सिद्धी सर्वांना जन्मतः मिळतात असे त्यात कोठेही नाही. उलट तिसऱ्या पादात अशा सिद्धी समाधीतील अडथळे असल्याचे म्हटले आहे. सिद्धी शिकवण्याचे शुल्क घेणारे हे सूत्र सहसा फळ्यावर लिहीत नाहीत.

आता फोनचे पाहू. दिवसभरात आपल्या मनात कितीतरी माणसे येऊन जातात. ज्यांचा फोन आला नाही ती विसरली जातात, ज्याचा आला तो लक्षात राहतो. त्यातही नेहमी फोन करणाऱ्यांच्या वेळा आपल्याला नकळत पाठ झालेल्या असतात. खात्री करायची असेल तर कोणाची आठवण झाली ते फोन वाजण्यापूर्वीच वेळेसह वहीत लिहा आणि न आलेले फोनही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवा.

शक्ती दडपली गेली या दाव्यात एक सोयीची पळवाट आहे : अनुभव आला तर शक्ती जागी झाली, नाही आला तर दडपण अजून गेलेले नाही. ध्यानाने मन स्थिर होत असेल तर आपण ध्यान अवश्य चालू ठेवावे. त्यासाठी पुढच्या टप्प्याची आवश्यकता नाही. तरीही मोह होत असेल, तर बंद पाकिटातील 25 चिन्हे मार्गदर्शकांनी आधी ओळखून दाखवावीत असे सांगा. चिन्हांचा क्रम पत्ते पिसून ठरवावा, आणि पाकिटात काय आहे हे तिथे हजर असलेल्या कोणालाही, आपल्यालाही, ठाऊक नसावे.