निम्मी धावपट्टी हवेतच गेली

प्रश्न : ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोझिकोडला धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. कॅप्टन दीपक साठे तर वायुदलात मुरलेले वैमानिक. मग दोष पावसाचाच म्हणायचा ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पाऊस होता, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. बोइंग ७३७-८०० मध्ये १९० जण होते. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. काय घडलं ते फुटांच्या हिशेबात नीट कळतं.

धावपट्टी ८,८५८ फूट लांब. चाकं पहिल्या ३,००० फुटांत किंवा पट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, यांपैकी जे कमी भरेल तेवढ्यात टेकायला हवीत. ती टेकली ४,४३८ फुटांवर. थांबायला उरली ४,४२० फूट, तीही ओली. त्यात वारा पाठीमागून, साधारण १४ नॉट (ताशी सुमारे २६ किलोमीटर). टेकताना हवेच्या तुलनेत वेग १५० नॉटच्या आसपास, जमिनीच्या तुलनेत १६५. फरक दहाच टक्के, पण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे २१ टक्के जास्त. शिवाय १६५ नॉटला विमान सेकंदाला सुमारे २८० फूट कापतं. जमिनीलगत तरंगण्यात पाच सेकंद गेले की १,४०० फूट संपले!

त्याआधी धावपट्टी २८ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, एक प्रयत्न झाला होता. त्या वेळी कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला आणि विमान पुन्हा वर नेलं. दुसरा प्रयत्न त्याच पट्टीच्या उलट टोकाकडून, धावपट्टी १० वर. पाठीमागचा वारा आला तो इथे. वायपर आता चालत होता, पण पाहिजे त्यापेक्षा मंद. रात्री ओल्या पट्टीवर दिवे पसरट दिसतात आणि काचेवरून पाणी वाहत असेल तर आपण जमिनीपासून किती वर आहोत याचा अंदाज चुकतो. विमान हवं तिथे टेकत नाहीसं दिसल्यावर सहवैमानिकानं 'गो अराउंड' (लँडिंग सोडून पुन्हा वर चला) म्हटलं, तरी लँडिंग चालूच राहिलं. तपास अहवालानं संभाव्य कारण म्हणून नेमकं यावर बोट ठेवलं : अस्थिर अप्रोच न सोडणं आणि सहवैमानिकानं नियंत्रण हाती न घेणं. त्याचबरोबर कंपनीच्या कोझिकोड तळावर कॅप्टनांची कमतरता होती आणि दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी परतायची ओढ होती, हेही अहवालात आहे. आमच्या मते हा भाग वैमानिकाच्या चुकीइतकाच गंभीर आहे. वर्तमानपत्रांत मात्र तो चार ओळींत उरकला गेला.

प्रश्न : 'अस्थिर अप्रोच' कशाला म्हणतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अप्रोच म्हणजे पट्टीच्या दिशेनं उतरत येणं. ढगांतून उतरताना १,००० फुटांवर आणि बाहेर स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर सगळं जागच्या जागी हवं : चाकं बाहेर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) ठरल्या कोनात, वेग ठरलेला, खाली येण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत. यातलं एकही बिघडलेलं असलं तर वर जायचं. मंगळूरच्या विमान अपघातात २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले, तेव्हा हवा चांगली होती. विमान फार उंचावरून आलं, पट्टीवर फार पुढे टेकलं.

प्रश्न : पावसात विमान दणकन आपटतं. वैमानिक शिकाऊ असतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : उलट, बऱ्याचदा ते मुद्दाम केलेलं असतं. पट्टीवर पाणी साचलं की चाक त्या थरावर तरंगतं, ब्रेकला पकड मिळत नाही. ढोबळ हिशेब असा : टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊनं गुणा. ७३७ चा दाब २०० च्या आसपास धरला तर उत्तर येतं १२७ नॉट. त्याहून जास्त वेगात साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू शकतं. जोरात टेकलं की पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरू लागतात, पंखांवरचे स्पॉइलर (पंखांची उचल मारणाऱ्या झडपा) उघडतात आणि विमानाचा भार चाकांवर येतो. लोण्यासारखं लँडिंग कोरड्या, लांब पट्टीवर शोभतं.

प्रश्न : टेबलटॉप (टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या) विमानतळावर टोकाला जाळी का लावत नाहीत?
– एक वाचक, पणजी

उत्तर : जाळ्या लढाऊ विमानांसाठी असतात. प्रवासी विमानांसाठी ठिसूळ, फेसाळ काँक्रीटच्या ठोकळ्यांचा पट्टा घालतात. चाकं त्यात रुततात, ठोकळे चुरडतात, वेग मरतो. हा पट्टा साधारणपणे ७० नॉटनं शिरणाऱ्या विमानासाठी आखतात. कोझिकोडला विमान पट्टीबाहेर गेलं ते सुमारे ८४ नॉटनं आणि पुढची मोकळी जागा ओलांडून कड्यावरून खाली गेलं तेव्हा वेग ४१ च्या आसपास होता. ठोकळे असते तर विमान कड्याच्या अलीकडेच थांबलं असतं, असा आमचा अंदाज. खात्री मात्र देता येणार नाही.

प्रश्न : उतरता उतरता विमान अचानक वर गेलं, इंजिनं गरजली, आणि कुणी काही सांगेना. काय समजायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गो अराउंड झाला. पुढची काही मिनिटं दोघंही वैमानिक चाकं आत घेणं, फ्लॅप, उंची आणि नियंत्रण कक्षाशी बोलणं यांत गुंतलेले असतात, म्हणून घोषणा उशिरा होते. इंधनात पर्यायी विमानतळापर्यंतचा प्रवास आणि त्यावर अर्ध्या तासाची घिरटी धरलेली असते. पट्टा घट्ट करून बसा.