बापांचा वर्ग मोजायला निघालीस, तर

बापांनी पोरांना जास्त वेळ द्यावा म्हणून घेतलेल्या वर्गाने खरंच फरक पडतो का, हे मोजायला हर्णैच्या मासेमारी बंदरावर जाण्याआधी मासेमारीचं वेळापत्रक बघ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना पावसाळी बंदी असते. वर्गाआधीची पाहणी मे महिन्यात आणि नंतरची जुलैत केलीस, तर खलाशी बाप पोरांसोबत जास्त वेळ दिसणारच. होडी किनाऱ्याला ओढलेली, दुसरं करणार काय? ते श्रेय वर्गाला देऊ नकोस. मी दिलं होतं. आलेख झकास चढला आणि नारळी पौर्णिमेनंतर धाडकन आपटला.

म्हणून वर्ग न मिळालेले बापही त्याच दिवसांत मोजायचे. वर्ग कुणाला द्यायचा, याच्या चिठ्ठ्या माणसांच्या नको, वाड्यांच्या टाक. जेटीवर शेजारी बसून जाळी दुरुस्त करणारे दोघे वर्गातलं सगळं एकमेकांना सांगतात. वाड्या मात्र चार-दोन पुरत नाहीत.

'मुलाला वेळ देता का?' विचारलंस की सगळे 'हो तर!' म्हणतात. त्यापेक्षा कालचं विचार. काल घरी कधी आलात, पोर जागं होतं का, जेवण कुणी भरवलं? मग तेच आईला वेगळं बसवून. एका घरी बाप म्हणाला, "मी रोज अभ्यास घेतो," आणि पडवीतून पोरगी खुदकन हसली. ते हसू माझ्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

वर्गातून गळालेल्यांची नावं खोडू नकोस. टिकतात ते मुळातच हौशी. दोन दिवसांत गेलेल्यांना घरी गाठ. बरेचदा कारण साधं निघतं. वर्ग संध्याकाळी, आणि मासळीचा लिलावही तेव्हाच.