फॅन फिल्मसाठी बेळगावात स्वतःचा स्टुडिओ काढला तर पैशाचे आणि कायद्याचे धोके कोणते?

तुम्ही सहा मित्र 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेचे चाहते, तिच्यावर स्वतःची फिल्म म्हणजे फॅन फिल्म करणार. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक भागात, पत्र्याची शेड बघून ठेवलीय, तिथे यानाचा सेट कायमचा उभा करायचा, खर्चासाठी लोकवर्गणी काढायची आणि एकेक भाग यूट्यूबवर टाकायचा, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगावातच शूटिंग-एडिटिंगचं काम करतो, शेडचे व्यवहार जवळून बघितलेत. म्हणून आधीच सांगतो: फिल्म जरूर करा, स्टुडिओ काढू नका.

फिल्म मध्येच थांबली तर मेहनत आणि थोडे पैसे जातात. भाडं थांबत नाही. कथेच्या मालकाने नोटीस पाठवली की काम त्याच दिवशी बंद, पण शेडमालकाला एक तारखेला पैसे हवेतच. पाहुणा म्हणून राहतो त्या घरात स्वखर्चाने मजला चढवण्यासारखं आहे हे.

नेमकं असंच अमेरिकेत झालंय. 'अ‍ॅक्सानार' नावाच्या फॅन फिल्मसाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि त्यातली बरीच स्टुडिओच्या भाड्यात आणि उभारणीत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी दावा लावला. 'हा न्याय्य वापर आहे', म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर, हा बचाव इथे चालणार नाही, असं न्यायाधीशांनी जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. मधल्या काळात, जून २०१६ मध्ये, याच कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी नियम जाहीर केले: एक भाग १५ मिनिटांपेक्षा मोठा नको, एक गोष्ट फार तर दोन भागांत, वर्गणी ५० हजार डॉलरच्या आत, काम करणाऱ्यांना मानधन नाही, जाहिरातीचं उत्पन्न नाही. म्हणजे यूट्यूबच्या कमाईतून भाडं काढायचा तुमचा हिशेब तिथेच संपतो. शिवाय ही सवलत त्यांनी मर्जीने दिलेली आहे, तो तुमचा हक्क नाही.

आपल्याकडे कायदा सैल असेल, असं समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर, टीका, परीक्षण अशा ठरावीक गोष्टींना सूट देतं. फॅन फिल्मचं त्यात नाव नाही. कॉपीराइट मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. कमाईचा हेतू नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. 'सर्व हक्क मूळ मालकाचे' अशी पाटी सुरुवातीला टाकली की सुटलो, असं बरेच जण मानतात. त्या पाटीने परवानगी मिळत नाही.

आता पैशाकडे या. वर्गणी एका मित्राच्या खात्यावर घेणार असाल तर जपा. परक्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर देणगी आली की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. 'नंतर परत देऊ', 'नफ्यात वाटा देऊ' असं तर कुणालाही म्हणू नका. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा अंगावर येऊ शकतो. आणि उरलेल्या दिवसांत शेड प्री-वेडिंगवाल्यांना देऊन नफा सहा जणांत वाटलात, तर कागद केलेला नसला तरी ती भागीदारीच. कर्ज झालं तर वसुली सहापैकी कुणाच्याही घरापर्यंत येते.

शेडची तर मला फार काळजी वाटते, कारण तुम्ही ती बहुतेक उन्हाळ्यात पाहिली असणार. बेळगावचा पाऊस जूनला सुरू झाला की पत्र्यावर असा वाजतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं माईकवर धड येत नाही. दमटपणाने प्लायवूड फुगतं, सेटचे सांधे सुटतात, रंग पोपडे धरतो. भाडं बारा महिन्यांचं, काम जेमतेम आठ महिन्यांचं. गोडाऊनच्या मीटरवर लाइट्स लावले की ट्रिप होतो. लोड वाढवायचा तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, अर्ज मालकाच्या सहीने आणि अनामत तुमच्या खिशातून. थर्माकोल-फोमच्या सेटला आग लागली तर मालकाचा विमा गोडाऊनचा असतो, तुमच्या स्टुडिओचा नसतो. पालिकेचा ट्रेड लायसन्स लागतो, फलकावर ६० टक्के कन्नड लागतं. भाडेकराराचा कागद कन्नडमध्ये असेल तर जाणत्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या, विशेषतः मुदतीआधी सोडल्यास डिपॉझिटचं काय, ती ओळ.

मी तुमच्या जागी असतो तर अंतराळाची गोष्ट स्वतःची लिहिली असती. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयातल्या १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यापासून पक्कं आहे. तुमचं यान राकसकोपच्या जलाशयात उतरू दे, कॅप्टन खानापूरची असू दे. पोशाख, चिन्हं, नावं सगळी तुमची. मग फिल्म महोत्सवाला पाठवा, विका, कुणाला विचारायला नको. फक्त लेखक आणि संगीतकाराकडून हक्क लेखी घ्या. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच.

'स्टार ट्रेक'च करायचं असेल तर १५ मिनिटांची, बिनपैशाची एक फिल्म करा. ऑक्टोबर ते मे या काळात शेड दिवसाच्या भाड्याने मिळते का बघा. सेट घडीचा, नटबोल्टचा करा, म्हणजे टेम्पोत घालून कुणाच्याही माळ्यावर ठेवता येईल.