टोपीच्या रिबनचा रंग ठरवताना

रिबनचा रंग रिळावर बघून ठरवू नका. हातभर तुकडा टोपीला टाचणीने लावा आणि खिडकीजवळ, दिवसाउजेडी, दोन-तीन फुटांवरून बघा. पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा सारखेच वाटतात, सकाळी फरक उघडा पडतो.

फेल्टशी, म्हणजे लोकर दाबून केलेल्या टोपीच्या कापडाशी, तंतोतंत जुळणारा रंग शोधत बसणं व्यर्थ. फेल्टची लव प्रकाश शोषते, रिबनची वीण तो परतवते. त्यामुळे 'तोच' रंग जरासा चुकल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा त्याच रंगाची एक-दोन छटा गडद रिबन घ्या. पहिल्या टोपीला हेच उत्तम. करड्यावर काळी, उंटरंगावर चॉकलेटी कधी फसत नाही.

विरोधी रंग हवा असेल तर रुंदी कमी करा. फिक्या टोपीवर चार सेंटीमीटरचा काळा पट्टा उंची कापतो, टोपी बुटकी दिसते. दीड-दोन सेंटीमीटर पुरे.

लाल, मरून, गडद निळ्या रिबनची परीक्षा आधी घ्याच: ओल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवून गरम इस्त्री दाबा. कापडावर रंग उतरला, तर ती रिबन फिक्या फेल्टवर नको. वाफेने किंवा पावसाने लागलेला डाग निघत नाही.

दोरा रिबनच्या रंगाचा घ्या, फेल्टच्या नाही.